विहिरीवर कापला, फांदीला तुटला : कामाच्या दोराचं एक प्रकरण

पावसाळ्यातल्या एका सकाळी, रस्त्यावर झुकलेली गुलमोहराची फांदी उतरवताना अग्निशमन दलाचा १६ मिलिमीटरचा दोर तुटला. फांदी दीडशे किलोच्या आसपासची. नवा असताना हाच दोर तीन टनांच्या घरातली ओढ सोसतो. फांदी डांबरावर आपटली. खालचा रस्ता आधीच अडवलेला होता, त्यामुळे कोणाला लागलं नाही. दोर जुना झाला होता असं लिहून प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण तुटलेली दोन्ही टोकं कुणीतरी पिशवीत घालून ठेवली, आणि ती उजेडात पाहिल्यावर कळलं की हा दोर नऊ दिवसांपूर्वीच, एका विहिरीवर निकामी झालेला होता.

हा घटनाक्रम कुठल्याही एका केंद्राचा नाही. तालुक्याच्या गावी एका गाडीवर आणि पाच-सहा माणसांवर चालणाऱ्या केंद्रांत जे पुन्हापुन्हा दिसतं, ते इथे एका प्रकरणात बांधलं आहे. प्रसंगातले भार आणि अंतरं नमुन्यादाखल घेतली आहेत. दोरांच्या ताकदीचे आकडे मात्र त्या त्या जातीच्या दोराला लागू पडणारेच आहेत.

दोर कोणता होता

तीन पेडांचा, पिळाचा, निळा पॉलिप्रॉपिलीन दोर. बाजारात ज्याला डॅनलाइन म्हणतात तो. मोठ्या गुंडाळीतून ३० मीटर कापून घेतलेला. केंद्रावर हाच दोर का असतो, याची कारणं चांगली आहेत. स्वस्त असतो, हलका असतो, पाणी पीत नाही, आणि पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे तरंगतो. पुराच्या पाण्यात फेकलेला दोर तळाशी जाऊन झुडपात अडकण्यापेक्षा वर दिसत राहिलेला केव्हाही बरा. त्याच जाडीचा मनिला दोर दोन टनांच्या आसपास तुटतो, ओला झाला की फुगतो, गाठी आवळून बसतात आणि नीट वाळवला नाही तर आतून कुजतो.

पण डॅनलाइनच्या खोडी ध्यानात ठेवाव्या लागतात. तो १६५ अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या बराच आधी मऊ पडतो. खरखरीत कडेवर भारासकट घासला तर घर्षणाची उष्णताही त्याला पुरते. ऊन त्याला लवकर खातं. गाडीच्या टपावर उघड्यावर ठेवलेला दोर हाताला पांढरी भुकटी लावू लागला की त्याचे वरचे तंतू मेलेले असतात. शिवाय तो निसरडा आहे, त्यामुळे ढिली सोडलेली गाठ आपोआप सुटत जाते. बोलाइन (ओढल्यावर न आवळणाऱ्या फासाची गाठ) बांधली तर शेपूट, म्हणजे मोकळं टोक, किमान वीतभर ठेवून त्याला आणखी एक अडगाठ मारलीच पाहिजे.

हिशेब असा. नवा १६ मिलिमीटरचा दोर, तुटण्याची ताकद साधारण ३,००० किलो. गाठ मारली की गाठीपाशी त्यातला तिसरा हिस्सा जातो, म्हणजे राहिले २,००० किलो. सामान ओढण्या-उचलण्यासाठी मूळ ताकदीचा पाचवा भाग ही रोजच्या कामाची मर्यादा धरतात, म्हणजे ६०० किलो. हा ६०० चा आकडा दोराच्या बिल्ल्यावर लिहिलेला असायला हवा होता. या दोराला बिल्लाच नव्हता.

विहिरीवर काय झालं

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीत गाय पडल्याचा फोन. पाणी जमिनीपासून ९ मीटर खाली. गाय पोहत होती, दमत चालली होती. गाडी पोचली तेव्हा काठावर तीस-चाळीस माणसं जमलेली, आणि प्रत्येकाचा आपापला सल्ला.

एक फायरमन कमरेला १२ मिलिमीटरचा दोर बांधून विहिरीच्या कोनाड्यांना पाय लावत उतरला. त्याने १६ मिलिमीटरच्या दोराचे दोन वेढे गायीच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती घेतले, बोलाइन मारली. वर गावातल्या वीसेक माणसांनी दोर धरला.

जनावर पाण्यात असेपर्यंत दोरावर जवळजवळ काहीच भार येत नाही, पाणीच त्याला तोलून धरतं. म्हणून पहिले दीड-दोन मीटर झरझर येतात आणि ओढणाऱ्यांना वाटतं, झालंच आता. मग पोट पाण्याबाहेर येतं आणि ३५० किलो एकदम हातावर पडतात. इथे सगळे थांबतात. पाय रोवून पुन्हा पकड घेतात, कोणीतरी ‘हैया’ची हाळी देतं, आणि ओढ झटक्यांनी सुरू होते. तेवढा वेळ गाय लोंबकळत, हात-हात वर-खाली होत असते आणि काठावर दोराचा एकच तुकडा पुढे-मागे कापला जात असतो.

या विहिरीच्या तोंडाला सिमेंटचा कोबा होता, कडा फुटलेली, खडी उघडी पडलेली. अशा कडेवरून नव्वद अंशांत वळलेला दोर इतका धरला जातो की ३५० किलो वर आणायला ७०० ते ८०० किलोची ओढ लागते. साधा माणूस पाय रोवून सलग २५-३० किलो ओढतो. वीस माणसांचे झाले ६०० किलो. उरलेली ओढ झटक्यातून आली, आणि झटका हा दोराच्या दृष्टीने कुठल्याही आकड्यात बसत नाही. म्हणजे कामाची मर्यादा त्या संध्याकाळी ओलांडली गेली ती गायीच्या वजनामुळे नव्हे, कडेमुळे. कप्पीवरून तीच गाय ४०० किलोच्या आसपासच्या ओढीत आली असती.

गाय वर आली, उभी राहिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंधार झाला होता. दोर चिखलासकट गुंडाळून गाडीत टाकला. रजिस्टरमध्ये नोंद झाली : ‘दोर २ नग वापरले, जमा.’

तुटलेली टोकं

फांदीच्या कामात दोर तुटला तो विहिरीवरच्या बोलाइनच्या गाठीपासून ७ मीटरवर. गाठ कुठे होती, हे ओळखणं सोपं गेलं, कारण बोलाइनचा वळसा पिळात अजून मुरलेला होता. पाणी ९ मीटर खाली, आणि गाय दोनेक मीटर वर आल्यावर ओढ थांबलेली. त्या क्षणी विहिरीच्या कडेवर दोराचा जो भाग होता तो बरोबर सात मीटरवरचा.

तीन पेडांची तीन वेगळी कहाणी होती. पहिल्या पेडाचे बहुतेक सगळे तंतू एका पातळीत, आखूड कापलेले, आणि कापलेल्या तोंडांत विहिरीचा काळा गाळ वाळून बसलेला. गाळ आत आहे, म्हणजे कापणं गाळाच्या आधीचं. दुसऱ्या पेडाचा बाहेरचा निम्म्याहून जास्त भाग चकचकीत आणि टणक, नखाने टोचला तर काचेसारखा लागणारा. हे वितळून पुन्हा गोठलेलं प्लास्टिक. त्याच्यात तंतू उरलेले नसतात, त्यामुळे ते भार घेत नाही, शिवाय वाकताना शेजारच्या तंतूंना कापतं. तिसऱ्या पेडाची टोकं मात्र लांब, असमान, झिंज्या झालेली आणि स्वच्छ निळी. हा एवढाच पेड त्या सकाळी तुटला.

राहिलेली ताकद किती होती? एक पूर्ण पेड आणि दुसऱ्याचा निम्म्याहून कमी भाग. फार तर १,३०० किलो, तेही उन्हाने काही खाल्लं नाही असं धरलं तर. आणि उरलेले पेड सारखा भार वाटून घेत नाहीत. एक ताणतो तेव्हा दुसरा ढिला असतो. आता फांदी. करवतीने सुटल्यावर दोर ताठ नसल्यामुळे ती अंदाजे एक मीटर मोकळी पडली आणि मग दोराने तिला धरलं. दीडशे किलोचं वजन एक मीटर पडून सहा मीटर डॅनलाइनवर अडलं तर क्षणभराची ओढ १,००० किलोच्या घरात जाते. धडधाकट दोरानेही हा झटका मर्यादेबाहेरच सोसला असता, पण सोसला असता.

फांदीच्या कामातली चूक वेगळी लिहायला हवी, कारण विहिरीच्या नादात ती झाकली जाते. फांदी सोडण्याआधी दोरातली ढील काढून तो बुंध्याला तीन वेढे घालून धरायचा असतो. मग फांदी पडत नाही, उतरते. मात्र डॅनलाइन वेढ्यांवरून भरभर सोडायचा नाही. वेढ्यातही तो वितळतो.

रजिस्टरमधली ‘जमा’

कापलेला पेड नऊ दिवस कोणाच्या नजरेला कसा पडला नाही? पहिला पेड थोड्या तंतूंवर पिळातच धरून राहिला होता आणि चिखलाने चिकटला होता. गुंडाळलेल्या दोराकडे बघून हे दिसत नाही. दोर सोडून, धुऊन, हातातून काढला तरच सापडतं. ३० मीटरला दोन माणसांची वीस मिनिटं लागतात.

पद्धत ही. आधी धुणं : साधं पाणी, फार तर सौम्य साबण. ब्लीच नाही, गाडीच्या पंपाचा जोरदार फवारा जवळून नाही, कारण तो वाळू पिळाच्या आत ढकलतो. सावलीत, जमिनीला न टेकवता वाळवणं. ओल्या दोरात झिज लपते. मग दोन माणसं समोरासमोर. एक दोर सरकवतो, दुसरा हातभर-हातभर घेऊन बोटांतून फिरवतो. हातमोजे नकोत, टणक जागा, पोचा, फुगवटा हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. दर मीटरला थांबून दोर पिळाच्या उलट वळवून पेड उघडायचे आणि आत बघायचं. आत भुकटी किंवा तुटके तंतू असतील तर वाळू आत शिरून दोर स्वतःला कापतो आहे. बाहेरून असा दोर अगदी ठणठणीत दिसतो.

जाडी कॅलिपरने टोकांपाशी आणि मध्ये चार-पाच जागी मोजायची. १६ चा दोर कुठेही १४ वर आला असेल तर तिथे तो ताणून बसला आहे. एखाद्या जागी पेडातले दहा टक्के तंतू तुटलेले असतील, चकचकीत वितळ असेल, किंवा पीळ उलटून अढी बसली असेल तर ती जागा कापून काढायची. अढी फिरवून सरळ करता येते आणि दिसेनाशी होते. आतल्या तंतूंची मोड मात्र जात नाही. म्हणून अढी दिसताच तिथे रंगाची खूण करावी, सरळ करायच्या आधी. अढ्या बऱ्याचदा पहिल्याच दिवशी पडतात, नवी गुंडाळी बाहेरून उलगडल्यामुळे. उजव्या पिळाचा दोर गुंडाळीच्या आतल्या टोकाने, घड्याळाच्या उलट दिशेने बाहेर काढायचा.

रासायनिक इजा डोळ्यांना सहसा दिसत नाही. नायलॉनला बॅटरीचं आम्ल मारतं, पॉलिएस्टरला तीव्र क्षार, मनिलाला दोन्ही. पॉलिप्रॉपिलीन या दोन्हींना बरंच पुरून उरतं, पण डिझेल-पेट्रोल त्यालाही नको. गाडीच्या ज्या कप्प्यात बॅटरी किंवा करवतीचा पेट्रोल कॅन आहे त्यात कुठलाच दोर ठेवू नये. कारण आज त्या खुंटीवर डॅनलाइन असेल, उद्या कोणी नायलॉन लटकवेल.

मोठी चूक बारा मिलिमीटरवर होती

फांदी पडली म्हणून चौकशी १६ मिलिमीटरच्या दोराची झाली. खरं तर अंगावर काटा यावा असा दोर दुसरा होता. १२ मिलिमीटरचा डॅनलाइन, नवा असताना दोन टनांच्या आसपासचा, याआधी कशाकशाला वापरला याची नोंद नाही, आणि त्यावर माणूस विहिरीत उतरला. कमरेला बांधून. पाय निसटला असता तर दोराने त्याला बरगड्यांखाली आवळून लटकवलं असतं. अशा अवस्थेत शुद्ध हरपायला फार वेळ लागत नाही.

कामाचा दोर आणि जिवाचा दोर यांत फरक ताकदीचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे. माणसासाठीचा दोर म्हणजे गाभा आणि वरून विणलेलं कवच असलेला कर्नमँटल, साधारण ११ मिलिमीटरचा. युरोपातल्या ईएन १८९१ मानकाचा अ वर्ग अशा दोराकडून २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास ताकद मागतो. गाठीसकट १५ किलोन्यूटन तीन मिनिटं. आकडे डॅनलाइनपेक्षा फार मोठे नाहीत. पण तो दोर माणसाखेरीज कशालाही लावलेला नसतो, त्याचं प्रत्येक उतरणं वहीत असतं, आणि भार वाहणारा गाभा कवचाखाली कडेपासून राखलेला असतो. अमेरिकेतली १५ पट सुरक्षिततेची चाल (भाराच्या १५ पट ताकदीचा दोर) याच विचाराची. २७ जून १९८० रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात छतावरून खाली सोडलेल्या एका फायरमनने अडकलेल्या सहकाऱ्याला धरलं, दोर तुटला आणि दोघेही गेले. त्यानंतर १९८५ मध्ये तिथे अग्निशमन दलांच्या दोरांसाठी एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेचं ‘एनएफपीए १९८३’ हे वेगळं मानक आलं. (त्यातला १९८३ हा मानकाचा क्रमांक आहे, साल नव्हे, यात बरेच जण फसतात.)

विहिरीतली हवा हा या प्रकरणाचा विषय नाही, तरी एक ओळ लिहितोच. बंद किंवा वापरात नसलेल्या विहिरीत, आणि जिच्या आत इंजिन-पंप चालला आहे अशा कुठल्याही विहिरीत, वायूमापक आणि श्वसनसंच याशिवाय कितीही चांगल्या दोरावर माणूस उतरवू नये.

तेच काम, पुन्हा करायचं तर

माणूस उतरलाच तर पूर्ण अंगाच्या हार्नेसवर, कर्नमँटलवर, वर वेगळा माणूस धरायला. जनावराला दोराचे वेढे थेट अंगावर नकोत. दहा-पंधरा सेंटिमीटर रुंदीचे पट्टे, एक पुढच्या पायांमागे, एक कासेच्या पुढे. पट्टे नसतील तर जुन्या डिलिव्हरी होजचे (आगीवर पाणी मारायच्या कापडी नळीचे) तुकडे चालतात. मानेला दावं असेल तर त्याला ओढायचं नाही, आणि सुरगाठ तर अजिबात नाही.

विहिरीवर तिवई आणि कप्पी. कप्पीवरून दोर खाली वळवून ओढला की तिवईच्या माथ्यावर भार दुप्पट येतो, म्हणजे ३५० किलोच्या गायीला ७०० च्या वर. तिवई ठोकताना हा आकडा डोक्यात हवा. तिपटीची रचना (दोर कप्प्यांतून फिरवून ओढ तिसऱ्या हिश्श्यावर आणणारी) लावली तर सहा-आठ माणसांत काम होतं, फक्त एक मीटर उचलायला तीन मीटर दोर ओढावा लागतो. तिवई नसेल तर निदान काठ झाका : होजचा दोन फुटी तुकडा उभा चिरून दोराला गुंडाळायचा आणि सुतळीने जमिनीतल्या पहारीला बांधायचा, नाहीतर तो दोराबरोबर सरकतो. त्याखाली गोणपाटाच्या तीन-चार घड्या. या गाडीच्या मागच्या कप्प्यात फाटक्या होजची अख्खी गुंडाळी पडून होती.

ओढणाऱ्यांच्या मागे दोर झाडाला तीन वेढे घालून एक अनुभवी माणूस शेपूट धरून उभा. तो ढील घेत जातो. पकड बदलताना गाय खाली येत नाही आणि कडेवरची करवतही थांबते. जमाव दोराच्या रेषेत उभा राहू द्यायचा नाही. नायलॉन तुटला तर चाबकासारखा मागे येतो. डॅनलाइन तेवढा ताणत नाही, पण डोळा जायला पुरेसा आहे.

केंद्रावर झालेला बदल

दोन जातींचे दोर अंधारात, घाईत, ओल्या हातांनीही वेगळे कळले पाहिजेत. रंग पुरत नाहीत, धुरात सगळे रंग काळे. म्हणून जिवाचा दोर झाकणाच्या पिशवीत, पिशवी गाडीच्या केबिनमागे. कामाचा दोर उघडी गुंडाळी, मागच्या कप्प्यात खुंटीवर. कामाच्या दोराची दोन्ही टोकं गरम पात्याने कापून, सुतळीने करकचून गुंडाळून, फूटभर पिवळ्या रंगात बुडवलेली. टोकाला बिल्ला : क्रमांक, जाडी, लांबी, खरेदीचा महिना, ‘६०० किलो’, आणि ‘माणसासाठी नाही’. खरेदीच्या वेळी आयएस ५१७५ या पॉलिप्रॉपिलीन दोरांच्या भारतीय मानकाचं चिन्ह आणि बॅच क्रमांक मागून घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानातल्या वजनावर विकल्या जाणाऱ्या दोराला बहुधा तो नसतो, आणि पुनर्वापरित प्लास्टिकचा दोर दिसायला तसाच निळा असतो.

बाद झालेला जिवाचा दोर कामाला लावावा का, यावर मतं दोन आहेत. तो लावायचा नाही, हे आमचं मत पक्कं आहे. वर्षभराने गाडीवर आलेल्या नव्या माणसाला कवच असलेला दोर दिसतो आणि तो त्याला हार्नेस अडकवतो. पैसा वाचवायचाच असेल तर तो पाच-पाच मीटरचे तुकडे करून सामान बांधायला द्यावा.

रजिस्टरमध्ये ‘जमा’चा रकाना गेला. त्या जागी चार रकाने आले : कशाला लावला, कड कशी होती, धुऊन कोणी तपासला, निकाल. तिसरा रकाना भरेपर्यंत दोर लाल चिंधी बांधून वेगळ्या खुंटीवर राहतो आणि गाडीवर राखीव दोर जातो. यासाठी प्रत्येक जाडीचा एक जास्तीचा दोर घ्यावा लागला. डॅनलाइनच्या किमतीत ते परवडतं.

तुटलेल्या दोराचं काय केलं? गाठीकडचा तुकडा टाकला. उरलेल्या लांब तुकड्याची तपासणी झाली, त्यात आणखी एक चकचकीत पट्टा सापडला; तो कोणत्या कामाचा, हे नोंद नसल्यामुळे कळलं नाही. मग तोही दोर बाद. त्याचे दीड-दीड मीटरचे तुकडे केले, म्हणजे त्यावर कोणालाच काही टांगता येणार नाही, आणि गाठींच्या सरावाला दिले. वितळलेला पट्टा असलेला तुकडा बिल्ल्यासकट रजिस्टरशेजारी ठेवला आहे. नव्या भरतीच्या मुलांना तो डोळे मिटून बोटांनी शोधायला लावतात.